झिरोकोंटो: अमळनेर ते माग्डेबुर्ग, एका खात्याचं प्रकरण

माझी उभी नोकरी बँकेत गेली. शेवटची काही वर्षं जळगावला परकीय चलनाच्या टेबलावर होतो. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात कुणाचा पोरगा परदेशी निघाला की कागदांची पिशवी आधी माझ्या ओसरीवर येते. हे प्रकरण माझ्या भाच्याचं. चुलत बहिणीचा मुलगा, अमळनेर तालुक्यातल्या बोरीकाठच्या एका गावचा, मेकॅनिकल इंजिनिअर. २०२५ च्या हिवाळी सत्रासाठी जर्मनीतल्या माग्डेबुर्गला एमएससीला गेला. त्याच्या परवानगीनं सगळं लिहितोय. ज्या कंपन्यांशी नि बँकांशी खटके उडाले त्यांची नावं गाळली आहेत. त्या जागी दुसऱ्या असत्या तरी घडलं असतं ते साधारण हेच.

आमच्या दाजींचा, म्हणजे मुलाच्या वडिलांचा, पहिला प्रश्न मला अजून आठवतो. भाच्यानं फोनवर सांगितलं, तिकडं चालू खातं उघडावं लागतं, त्याला झिरोकोंटो म्हणतात. दाजी म्हणाले, "झिरो? म्हणजे झिरो बॅलन्सवालं ना? मग उघड की." घरात हशा झाला. त्या शब्दाचा शून्याशी काही संबंध नाही. रोजच्या देवघेवीच्या खात्याला जर्मन भाषेत तसं म्हणतात, एवढंच. पण पुढचे तीन आठवडे पोराच्या खिशात खरोखर शून्याच्या आसपासच रक्कम राहिली, आणि दाजींचं ते वाक्य घरात म्हणीसारखं झालं.

खरी सुरुवात झाली ती खात्याच्याही आधी. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हवा तर एका वर्षाचा खर्च आधीच अडवून ठेवलेल्या खात्यात दाखवावा लागतो. त्याला श्पेरकोंटो म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. पैसे तुमचेच, पण दर महिन्याला ९९२ च सुटणार, आणि सुटून पडायला तुमच्या नावाचं चालू खातं पाहिजे. ही दुसरी अट ऐकताना सगळे मान डोलावतात आणि विसरतात. मीही विसरलो होतो.

दाजींनी पैसे उभे केले ते थोडे ठेवी मोडून आणि बाकी ताईचे दागिने तारण ठेवून. शिक्षणकर्ज घ्यायला ते तयारच नव्हते. "कागद लई लागतस" म्हणाले. इथे पहिला खड्डा होता. मान्यताप्राप्त संस्थेच्या शिक्षणकर्जातून पैसे बाहेर गेले तर १ एप्रिल २०२५ पासून त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो आगाऊ कर, लागत नाही. सोनेतारण हे शिक्षणकर्ज नव्हे, मग सोनं शिक्षणासाठीच का ठेवलेलं असेना. जुलैत युरो शंभरी ओलांडून बसला होता, बँकेनं आम्हाला १०२ नं दिला. ११,९०४ वर शंभर युरो जास्तीचे घालून १२,००४ युरो पाठवले, कारण मधल्या बँका वाटेत दहावीस युरो कापतात आणि रक्कम पाच युरोनं जरी कमी पोचली तरी दाखला अडतो. झाले सुमारे १२ लाख २४ हजार रुपये. १० लाखांच्या वरच्या भागावर तेव्हाच्या दरानं ५ टक्के, म्हणजे ११,२०० च्या आसपास टीसीएस, शिवाय चलन बदलल्याचा हजारभर जीएसटी. टीसीएस परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. शेतीच्या उत्पन्नावर जगणाऱ्या दाजींनी जन्मात विवरणपत्र भरलेलं नाही. पहिलं भरायचं ते २०२६ च्या जुलैत, आणि तोवर अकरा हजार सरकारकडे.

आता खात्याकडे येतो. अमळनेरहून निघण्याआधी भाच्यापुढे चार वाटा होत्या. पहिली, तिकडच्या शाखेच्या बँकेत जाऊन खातं उघडायचं. दुसरी, जर्मन परवाना असलेल्या पण शाखा नसलेल्या, फोनवरच चालणाऱ्या बँकेत. तिसरी, दुसऱ्याच युरोपीय देशात नोंदलेल्या एका पैशाच्या ॲपमध्ये, जे भारतात बसूनही उघडता येत होतं. चौथी, श्पेरकोंटोच्या कंपनीनं सोबत देऊ केलेलं जोडखातं. चौथी मी स्वतःच नको म्हणालो. एकाच ठिकाणी सगळी अंडी नकोत, असा माझा जुना हिशेब. मागे बघता ती माझी चूक होती. निदान पहिल्या दोन महिन्यांसाठी ते जोडखातंच सगळ्यात सरळ पडलं असतं. बँकेत तीस वर्षं बसलेला माणूस ठेवीच्या नजरेनं बघतो. इथे बघायला हवं होतं वाहत्या पैशाच्या नजरेनं.

दाजींची नजर मात्र एकाच गोष्टीवर होती. "आप्पा, बँक बुडनी ते?" हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात कुणीही हसण्यावारी नेत नाही. पतसंस्थेत ठेव ठेवून पावतीची झेरॉक्स घेऊन फिरणारी म्हातारी माणसं जळगावात मी पाहिली आहेत. म्हणून त्यांना नीट सांगितलं. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी तो एकच लाख होता. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाहीच. युरोपीय संघात दर ठेवीदारामागे, दर बँकेमागे १ लाख युरोपर्यंत हमी आहे. पण ही हमी बँकेला. पैशाचं ॲप बँक नसेल, नुसता पैसे फिरवायचा परवाना असेल, तर ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवण्याचं बंधन असतं, ठेव हमी नसते. म्हणजे ते पतसंस्थेइतकं उघडंही नाही आणि बँकेइतकं झाकलेलंही नाही. दाजींनी विचारलं, "मंग पोऱ्या त्याच्यात कितला ठेवी?" मी म्हटलं, महिन्याचा किराणा नि भाडं, बस.

त्या ॲपमध्ये भाच्यानं ८०० युरो भरले आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, अमळनेरहून गाडीत बसला. बॅगेत शेवेचे पुडे, बिबड्या, कळण्याचं पीठ. २४ ला माग्डेबुर्ग.

पुढचं ज्यांना समजलं नाही त्यांना ते कागदी खेळ वाटेल, म्हणून साखळी आधी सांगतो. श्पेरकोंटोतून पैसे सुटायला चालू खातं हवं. त्या कंपनीची अट अशी की खातं जर्मनीतलं हवं आणि सोबत पत्त्याच्या नोंदणीचा दाखला हवा. नोंदणीला, म्हणजे आनमेल्डुंगला, घरमालकाचा सहीचा दाखला हवा. घराला अनामत नि भाडं हवं. भाड्याला पैसे हवेत. पैसे श्पेरकोंटोत. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवायला वारस नोंद, वारस नोंदीला दाखला, दाखल्याला ज्याच्या नावावर काहीच नाही त्यानं पुरावा आणायचा, तशातलाच प्रकार. फरक एवढाच की तिथे तलाठ्याला भेटता येत नाही, आधी वेळ घ्यावी लागते.

पहिला आठवडा तो एका सीनियरच्या खोलीत राहिला. तिथे नोंदणी होणार नव्हती, कारण घरमालक दुसऱ्या माणसाचा दाखला द्यायला तयार नव्हता. १ ऑक्टोबरपासून विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली. भाडं २९०, अनामत ४००. हे ६९० युरो त्यानं त्या ॲपमधूनच भरले, आणि मिनिटात गेले. इथवर ॲप कामाला आलं हे कबूल केलं पाहिजे. पण वसतिगृहाच्या भाड्याची पद्धत अशी की पुढच्या महिन्यापासून ते स्वतःच तुमच्या खात्यातून ओढून घेतात. त्याला लास्टश्रिफ्ट म्हणतात. आपल्या ईसीएस किंवा नॅचसारखंच. त्यासाठी खात्याचा आयबॅन, म्हणजे देशाच्या अक्षरांसकट असलेला लांबलचक खातेक्रमांक, लिहायचा असतो. जर्मन आयबॅन डीई या अक्षरांनी सुरू होतो आणि २२ अक्षरांचा असतो. भाच्याचा सुरू होत होता एलटीनं, लिथुआनियाचा, २० अक्षरांचा. ऑनलाइन फॉर्ममध्ये डीई आधीच छापलेलं, पुढं २० चौकटी. भरणार काय?

कायदा भाच्याच्या बाजूनं होता. युरोपीय संघाचा २०१२ चा २६० क्रमांकाचा नियम आहे, त्याच्या नवव्या कलमानं पैसे घेणाऱ्याला ‘अमुक देशातलंच खातं पाहिजे’ असं म्हणता येत नाही. भाच्यानं ते कलम लिहून मेल केला. उत्तर आलं, विनयानं आलं, की ३१ ऑक्टोबरपर्यंत जर्मन खातं द्यावं. मी त्याला म्हटलं, बाबा, कलम बरोबर आहे, पण किल्ली त्यांच्या हातात आहे. भांडणं नंतर. नव्या गावात पहिल्या महिन्यात जिंकलेलं भांडणसुद्धा महाग पडतं, हे माझं मत. भाच्याला ते पटलं नव्हतं, अजूनही पटलेलं नाही.

खिशात उरले ११० युरो. दाजी म्हणाले, मी पाठवतो. पाठवणार कुठं? त्या ॲपच्या खात्याला आयबॅन होता, पण ते फक्त युरोपातून येणारे युरो घेत होतं. भारतातल्या बँकेतून स्विफ्टनं, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, येणारी रक्कम तिथे उतरतच नव्हती. हे त्यांच्या अटींत लिहिलेलं होतं. भाच्यानं वाचलं नव्हतं. मी तर विचारलंच नव्हतं.

मग शाखेच्या बँकेत गेला. जर्मनीत गावोगाव नगरपालिकांशी नि जिल्ह्यांशी बांधलेल्या बचत बँका आहेत, त्यांना श्पारकासे म्हणतात. शिवाय सहकारी बँका आहेत, त्यांच्या नावात बहुधा फोल्क्सबांक किंवा राइफाइझेन येतं. इथे मला थोडं विषयांतर करू द्या. हा राइफाइझेन १८१८ ते १८८८ या काळातला, खेड्यातल्या शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला त्यानं गावाच्या पतसंस्था काढल्या. मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकल्सनला त्या युरोपीय पद्धतीचा अभ्यास करायला लावलं, आणि त्यातून पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला. म्हणजे दाजी गावच्या ज्या विकासोतून, विविध कार्यकारी सोसायटीतून, दर खरिपाला पीककर्ज उचलतात, तिचं मूळ भाचा ज्या देशात उभा होता तिथलं. भाच्याला मी हे फोनवर मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, इथल्या बचत बँकेतल्या बाईनं मला तीन आठवड्यांनंतरची वेळ दिलीय आणि नोंदणीचा दाखला आणायला सांगितलाय." उत्साह तिथेच संपला.

खरं तर तिथे एक हक्काचा दरवाजा आहे आणि तो बहुतेक नवख्यांना माहीत नसतो. जून २०१६ पासून जर्मनीत बासिसकोंटो, म्हणजे मूलभूत खात्याचा कायदेशीर हक्क आहे. युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या कुणालाही, ठरलेला पत्ता नसला तरी, सामान्य ग्राहकांना खाती देणाऱ्या बँकेनं ते दिलं पाहिजे. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत निर्णय द्यायचा. बँकेनं टाळाटाळ केली तर बाफिन या नियामकाकडे जाता येतं. त्या खात्यात शिलकीपेक्षा जास्त उचल मिळत नाही आणि महिन्याची फी असते, पण पैसे येतात, जातात, लास्टश्रिफ्ट चालते. भाच्यानं तो अर्ज छापून फाइलमध्ये ठेवला. वापरायची वेळ आली नाही, कारण दरम्यान दुसरी वाट सुरू केली होती. पण मला विचाराल तर तो कागद पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवायला हवा होता.

दुसरी वाट म्हणजे शाखा नसलेली जर्मन बँक. महिन्याची फी नाही, आयबॅन डीईचा, अर्ज फोनवर दहा मिनिटांत. २६ सप्टेंबरलाच त्यानं भरला होता. ओळख पटवायचे दोन मार्ग असतात. एक व्हिडिओ कॉल, ज्यात पासपोर्ट तिरका धरून चमकणारी खूण दाखवायची. दुसरा पोस्टइडेंट, म्हणजे कूपन घेऊन टपाल कार्यालयात जायचं आणि तिथला माणूस पासपोर्ट बघून शिक्कामोर्तब करणार. या बँकेचा व्हिडिओ कॉल भारतीय पासपोर्ट घेत नव्हता. सगळ्यांचंच तसं नाही, पण अर्ज करण्याआधी हे बघायला हवं. २९ ला तो टपाल कार्यालयात गेला.

आणि इथे आपल्या नावानं घोळ घातला. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं, आडनावाच्या रकान्यात पाटील. भाच्यानं ॲपमध्ये नुसतं स्वतःचं नाव नि पाटील लिहिलेलं. टपालवाल्यानं पासपोर्टबरहुकूम तिन्ही नावं चढवली. दोन्ही जुळेनात. २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, अर्ज नामंजूर. ३ ला जर्मन एकीकरणाचा दिवस, सुट्टी. मग शनिवार-रविवार. ६ ला पुन्हा अर्ज, यावेळी पासपोर्टवर जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर, आणि वसतिगृहाचा पत्ता. ७ ला टपाल कार्यालय. ९ ला मंजुरी, आणि खातं चालू करायचं पत्र टपालानं निघालं असा मेल.

पत्र आलंच नाही.

जर्मनीत टपाल घराच्या क्रमांकावर नाही, पेटीवरच्या नावावर पडतं. खोली क्रमांक लिहिलेला असो नसो, पेटीवर तुमचं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. त्याच्या पेटीवर आधीच्या कुणाचं तरी नाव होतं. आमच्या गावात पोस्टमन पाकिटावर नुसतं ‘पाटील, बोरीकाठ’ असलं तरी घरी आणून देतो, चहा पितो आणि आत काय आहे तेही विचारतो. पोराच्या डोक्यात हे आलंच नाही यात नवल नाही. हे त्याला कळलं १४ ऑक्टोबरला, नोंदणी कार्यालयातल्या बाईकडून. तिनं दाखला देता देता सहज विचारलं की पेटीवर नाव लावलंय ना, कारण करक्रमांकाचं पत्र त्याच पेटीत येणार आहे. नोंदणी मात्र वेळेत झाली. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, त्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

त्या संध्याकाळी वहीच्या कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीनं पेटीवर लावलं. पत्र दुसऱ्यांदा मागवलं, ते १८ ला आलं. खातं चालू झालं, आयबॅन आणि नोंदणीचा दाखला श्पेरकोंटोच्या कंपनीला गेला, आणि २२ ऑक्टोबरला, पाडव्याला, ९९२ युरो पडले. त्याच दिवशी वसतिगृहाचा फॉर्मही भरला. मधले तीन आठवडे त्यानं ११० युरो नि नंदुरबारच्या एका मुलाकडून उसने घेतलेले १५० यांवर काढले. हे दीडशे परत करताना आणखी एक गंमत. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत पैसे पाठवताना नाव नि आयबॅन जुळतात का हे बँकेनं पाठवण्याआधी दाखवायचं असतं. त्या मुलाचं नाव भाच्यानं दोनच शब्दांत लिहिलेलं. बँकेनं सांगितलं, जवळपास जुळतंय, नक्की हाच का? म्हणजे तिथेही वडिलांचं नाव आडवं आलं.

दाजींना मी सगळं सांगत होतो, पण उसने घेतल्याचं सांगितलं नाही. ते ताईनं सांगितलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, "बारा लाख शेतस तिकडे, आनि पोऱ्या उसना मागस." याला मी काय उत्तर देणार?

नोव्हेंबरात त्यानं त्या बचत बँकेत दुसरं खातं उघडलं. एव्हाना दाखला, करक्रमांक, वसतिगृहाचा करार, सगळं हातात होतं, अर्ध्या तासात काम झालं. दुसरं कशाला, तर तीन कारणांनी. एक, फोनवाल्या बँकेचं कार्ड आंतरराष्ट्रीय कंपनीचं डेबिट कार्ड होतं, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत नि एशियन किराणा दुकानात एकतर रोख किंवा झिरोकार्ड चालायचं. हे झिरोकार्ड म्हणजे जर्मनीचं आपलं स्वतःचं कार्ड, आपल्या रुपेसारखं म्हणा. जुलै २०२३ पासून निघणाऱ्या कार्डांवर माएस्ट्रो या आंतरराष्ट्रीय जाळ्याची खूण येत नाही, त्यामुळे नुसतं झिरोकार्ड जर्मनीबाहेर सहसा चालत नाही. दोन्ही हवीतच. दोन, रोख. परक्या बँकेच्या मशीनमधून दर वेळी चार-पाच युरो जातात. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर खरेदीसोबत रोख काढता येते, पण कुणी सुटी रोख दिली तर ती खात्यात भरायची कुठं? तीन, मी हट्ट धरला म्हणून. ज्या बँकेत जाऊन माणसाला भेटता येत नाही, तिथे खातं एखाद्या दिवशी तपासणीसाठी बंद पडलं तर चॅटवर यंत्राशी बोलत बसावं लागतं. भाड्याचा दिवस यंत्राला कळत नाही.

खर्च बघता बचत बँकेचं खातं विद्यार्थ्याला फुकट पडलं. वयाची नि शिक्षणाची अट असते, ती संपली की महिन्याला काही युरो लागतील. ते तो तेव्हा बघेल. आता भाडं, विमा आणि मोबाइल या तिन्ही लास्टश्रिफ्ट बचत बँकेतून जातात, महिन्याचे ९९२ तिथेच पडतात, आणि किराण्याचे अडीचशे तो पहिल्या तारखेला फोनवाल्या खात्यात टाकतो. लास्टश्रिफ्टची त्याला धास्ती होती, की कुणीही खात्यातून ओढेल. उलट आहे. ओढलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत कारण न सांगता परत फिरवता येते, आणि परवानगीच नव्हती असं असेल तर तेरा महिन्यांपर्यंत. अर्थात भाडं परत फिरवलं तर घर जाईल, हे वेगळं. डिसेंबरात रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं, महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. भाच्याला ती फसवणूक वाटली. खरी आहे. नोंदणी केली की हे पत्र पाठोपाठ येतंच. आमच्या हिशेबात ती रक्कम धरलेलीच नव्हती.

उचलीचं मात्र मी त्याला स्पष्ट बजावलंय. पगार पडू लागला की बँक आपणहून उणे शिल्लक ठेवायची सोय देऊ करते. तिचा व्याजदर बहुधा दोन आकडी असतो. शूफा नावाची संस्था प्रत्येकाचं कर्जपुराण ठेवते आणि पुढे घर भाड्यानं घ्यायला मालक तिचा दाखला मागतो. नव्या माणसाची पाटी कोरी असते. तिच्यावर पहिली ओळ कसली असावी, एवढंच.

या सगळ्यात ज्या खात्याकडे कुणी बघितलं नाही ते अमळनेरचं. भाच्याचं नि ताईचं संयुक्त बचत खातं, ‘कोणीही एक किंवा हयात’ या पद्धतीचं. दाजी त्यातून बियाण्याचे, ताई घरखर्चाचे व्यवहार करायची. फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या परिपत्रकाप्रमाणे अनिवासी धरला जातो. मग त्याचं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशासाठीचं खातं, करावं लागतं. आणि एनआरओ खातं इथल्या नातेवाइकाबरोबर ठेवायचं तर ‘पहिला किंवा हयात’ याच पद्धतीनं, म्हणजे भाचा असेपर्यंत ताईला आपल्या सहीवर पैसे काढता येत नाहीत, अधिकारपत्र द्यावं लागतं. हे मी पंधरा वर्षं दुसऱ्यांना सांगितलंय. माझ्याच घरात जानेवारीपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही. केवायसी नव्यानं मागितली तेव्हा जाग आली.

एनआरओला तिकडच्या पत्त्याचा पुरावा लागला. तो कोणता? तोच नोंदणीचा दाखला, भाषांतर करून. व्याजावर आता ३० टक्के आणि वर उपकर असा कर आधीच कापला जाईल. शिल्लक अठरा हजार आहे, त्यामुळे रडण्यासारखं काही नाही. प्राप्तिकराचा अनिवासी हा फेमाच्या अनिवासीपेक्षा वेगळा, तो दिवस मोजून ठरतो, त्यामुळे भाच्याचं या वर्षाचं गणित मी अजून कागदावर मांडतोय. ताईला मात्र आम्ही तिच्या एकटीच्या नावाचं खातं उघडून दिलं, आणि घरखर्च तिथे वळवला. तिचं स्वतःचं असं ते पहिलंच खातं. एनआरई, म्हणजे परदेशातून आलेले पैसे ठेवायचं खातं, आत्ता नको असं ठरवलंय. तिकडून इकडे पैसे यायला लागले, की मग. त्यातलं व्याज भारतात करमुक्त असतं आणि रक्कम मोकळेपणानं परत नेता येते, पण पाठवायलाच काही नाही तर खातं उघडून काय करायचं?

भाच्याचं जुनं सिमकार्ड ताई दर महिन्याला रिचार्ज करते, कारण इथल्या बँकेचा ओटीपी त्याच्यावरच जातो. रोमिंग निघण्याआधी सुरू केलं होतं. या एका गोष्टीचं श्रेय मी घेतो.

मार्चमध्ये पारोळ्याच्या एका मुलाचा भाच्याला फोन आला. तो एप्रिलच्या सत्राला माग्डेबुर्गलाच निघाला होता, आणि त्याच्या वडिलांनी सगळ्यात आधी विचारायला सांगितलं होतं की खातं कुठल्या बँकेत उघडायचं. भाच्यानं त्याला कुठल्याच बँकेचं नाव सांगितलं नाही. म्हणाला, "आधी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो टाक, तुझं नाव कसं लिहिलंय ते बघू. आणि ज्या खोलीत उतरणार आहेस तिच्या पेटीवर कुणाचं नाव आहे ते विचारून ठेव."